चार हजार दोनशे तास

‘२०१७ मॉडेल, ४२०० तास, सिंगल ओनर, पेपर क्लिअर, कंडिशन एक नंबर.’ फोनच्या पडद्यावर पिवळ्या जेसीबीचा फोटो आणि त्याखाली एवढी एकच ओळ. किंमत सतरा लाख. समजा, मशीन उभी आहे राजकोटच्या बाजूला आणि ही ओळ वाचणारा तरुण आहे वैजापूर तालुक्यातला. संभाजीनगरच्या बीड बायपासवर मोटारसायकल कडेला लावून तो ती पुन्हा पुन्हा वाचतो आहे. पाच वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर ऑपरेटर म्हणून काढली, आता स्वतःची घ्यायची आहे.

मला या ओळीचं फार नवल वाटतं. साडेसात टनांच्या आसपासचं लोखंड, आठ वर्षांचं आयुष्य, एका घराची सगळी पुंजी, आणि सौदा उभा आहे पाच दाव्यांवर. त्याहून मोठं नवल हे की या पाचांतले बहुतेक दावे पकडून ठेवायची सोय आहे. थोडी मशीनच्या अंगात, थोडी कायद्याच्या पुस्तकात.

आपल्या भागात ही यंत्रं किती खोल रुजली आहेत ते आपल्या भाषेतच दिसतं. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाने १९४५ च्या ऑक्टोबरात भाड्याच्या छोट्या गॅरेजमध्ये युद्धातल्या भंगारापासून एक ट्रॉली बनवून विकली. त्याच्या नावाची तीन आद्याक्षरं आज मराठीत सामान्यनाम झाली आहेत. कंपनी कोणतीही असो, पुढे लोडर आणि मागे खोदायचा हात दिसला की तो जेसीबीच. ‘पोकलेन’ही तसंच. ते एका फ्रेंच कंपनीचं नाव. आता साखळीवर चालणारं प्रत्येक खोदयंत्र आपल्याकडे पोकलेन असतं. शेततळी, नाला खोलीकरण, धरणातला गाळ काढून शेतात टाकणं, शेंद्र्याच्या आणि बिडकीनच्या औद्योगिक वसाहती, संभाजीनगरच्या उत्तरेकडून गेलेला समृद्धी महामार्ग, हे सगळं या दोन शब्दांनी केलं. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. एवढं मोठं काम संपलं की यंत्रं मोकळी होतात, आणि मोकळं झालेलं यंत्र बाजार शोधतं. पूर्वी हा बाजार ओळखीतून, मेस्त्रीकडून, एजंटकडून चालायचा. आता तो खिशातल्या फोनवर आहे.

तर आधी ४२०० तासांचा दावा. मोटारीचं वय किलोमीटरमध्ये मोजतात, या यंत्रांचं तासांत, कारण त्यांचं काम जागेवर उभं राहूनच चालतं. डॅशबोर्डवर तासांचं मीटर असतं. ते बदलता येतं, वायर काढून बंदही ठेवता येतं. पण साधा भागाकार करा. आठ वर्षांत ४२०० तास म्हणजे वर्षाला ५२५. वर्षाचे तीनशे दिवस कामाचे धरले तर दिवसाला पावणेदोन तास. मशीन बँकेच्या हप्त्यांवर घेतलेली असेल, तर ती आठ वर्षं रोज पावणेदोन तासच चालली? कदाचित चालली असेल. एखाद्या कारखान्याने आवारातल्या कामापुरती ठेवली असेल. पण मग ते विचारायला हवं आणि सर्व्हिसच्या नोंदीत ते दिसायला हवं.

मीटर गप्प बसलं तरी बाकीची मशीन बोलत असते. पेडलवरच्या रबराची नक्षी पुसली गेली आहे का, लिव्हरची मूठ कुठे गुळगुळीत झाली आहे, सीटचा कोणता कोपरा फाटला आहे, हे कोणीही पाहू शकतं. जाणकार ऑपरेटर थेट पिन-बुशकडे जातो. बूम, आर्म आणि बकेट जिथे एकमेकांना जोडलेली असतात तिथे पोलादी पिन आणि तिच्याभोवती बुश असतो. वेळेवर ग्रीस मिळालं तर तो सांधा वर्षानुवर्षं घट्ट राहतो, नाही मिळालं तर ढिला पडतो आणि बकेट डावी-उजवीकडे डुलायला लागते. त्यातही मशीन कुठे राबली ते महत्त्वाचं. गोदाकाठच्या काळ्या मातीत काढलेले चार हजार तास आणि आपल्या काळ्या पाषाणाच्या खाणीत काढलेले चार हजार तास एकच नव्हेत. पहिल्यात फार तर बकेटचे दात झिजतात, दुसऱ्यात चेसिसला तडे जाऊ शकतात. तड्यावर वेल्डिंग आणि वेल्डिंगवर नवा पिवळा रंग चढतो. म्हणून फार ताजा रंग दिसला की अनुभवी माणूस खूश होत नाही.

आणि सगळ्यात अद्भुत साक्षीदार इंजिनच्या तळाशी, तेलात असतो. इंजिन चालताना त्याचे भाग अतिशय बारीक कणांनी झिजतात आणि ते कण तेलात उतरतात. चहाच्या अर्ध्या पेल्याएवढं तेल प्रयोगशाळेत दिलं, की ते विजेच्या ठिणगीत किंवा प्रचंड तापलेल्या वायूत जाळून त्यातून निघणारा प्रकाश तपासतात. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या रंगरेषांनी चमकतं. लोखंड वाढलं तर लायनर किंवा गिअर झिजतो आहे, तांबं वाढलं तर बेअरिंग किंवा बुश, ॲल्युमिनियम वाढलं तर पिस्टनकडे बघायचं, सोडियम आलं तर कूलंट तेलात मिसळत असण्याची शंका, आणि सिलिकॉन आलं तर धूळ, म्हणजे एअर फिल्टर नीट काम करत नव्हता. १८६८ साली सूर्यप्रकाशात दिसलेल्या एका पिवळ्या रेषेवरून शास्त्रज्ञांनी हेलियम ओळखला. पृथ्वीवर तो सापडायला अजून सत्तावीस वर्षं होती. तीच युक्ती अमेरिकेतल्या रेल्वेने १९४० च्या दशकात डिझेल इंजिनांच्या तेलावर वापरली. सूर्य कशाचा बनला आहे हे सांगणारी पद्धत राजकोटच्या जेसीबीच्या पोटात वैशाखातली धूळ गेली होती का हेही सांगते, हे लिहितानाही अंगावर काटा येतो. फक्त एक विसरायचं नाही. तेल कालच बदललेलं असेल तर नमुना मुका असतो. तेल केव्हा बदललं हे आधी विचारायचं.

या सगळ्या उठाठेवीची गरज का पडते, याचं उत्तर जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये छापलेल्या एका छोट्या निबंधात आहे. विषय होता जुन्या मोटारींचा बाजार. विकणाऱ्याला गाडीतला दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. घेणारा घाबरून सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देतो. मग ज्याची गाडी खरोखर चांगली आहे त्याला तो भाव परवडत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. मागे उरतात खराब गाड्या, भाव आणखी पडतो, आणखी चांगल्या गाड्या निघून जातात. निबंध छापला जाण्याआधी तीन नामवंत नियतकालिकांनी तो नाकारला होता. २००१ मध्ये त्याच कामासाठी अकेरलॉफ यांना नोबेल मिळालं. मला त्यात आवडते ती वेगळीच जागा. हा अमेरिकन माणूस मोटारींबद्दल बोलता बोलता भारतीय गृहिणीकडे वळतो. बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळासारखेच दिसणारे खडे तिला निवडावे लागतात, हे तो दाखला म्हणून देतो. सूप घेऊन उंबऱ्याशी बसलेली आपली आजी आणि पिन-बुश हलवून पाहणारा ऑपरेटर एकच काम करत असतात. खडे निवडण्याची सोय नसेल तर चांगला तांदूळ पिकवणाऱ्याचंही नुकसान होतं. म्हणून प्रामाणिक विक्रेत्यालाही तपासणी हवीच असते. तपासणीला नाही म्हणणारा माणूस त्या नकारातूनच बरंच काही सांगून जातो.

आता सिंगल ओनर आणि पेपर क्लिअर हे दावे. इथे जेसीबी आणि पोकलेनच्या वाटा वेगळ्या होतात, आणि हा फरक पुष्कळांना ठाऊक नसतो. रबरी चाकांवरचं बांधकाम यंत्र केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे वाहन आहे. त्याला आरटीओची नोंदणी लागते, आरसी असते, संभाजीनगरात नोंदवलं तर एमएच-२० चा नंबर असतो. ‘वाहन’ पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक आणि कर्जाचा बोजा नोंदलेला असेल तर तोही दिसतो. बोजा असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय बयाण्याच्या पुढे एक रुपयाही जाता कामा नये. साखळीवर चालणारी पोकलेन मात्र त्या व्याख्येत बसत नाही. ती लो-बेड ट्रेलरवर चढून गावोगाव फिरते आणि सहसा तिला आरसी नसते. म्हणजे एखाद्या मोपेडला जेवढे सरकारी कागद असतात तेवढेही पन्नास लाखांच्या पोकलेनला नसतात. तिची मालकी सिद्ध होते ती मूळ बिलावरून, त्यानंतरच्या प्रत्येक विक्रीच्या बिलावरून आणि चेसिसवर कोरलेल्या ओळख क्रमांकावरून. आंतरराष्ट्रीय पद्धतीत हा क्रमांक सतरा अक्षर-अंकांचा असतो. पट्टीवरचा क्रमांक, चेसिसवर ठोकलेला क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक हे तिन्ही अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. आणि तिच्यावरचं कर्ज? त्यासाठी २०११ मध्ये सुरू झालेली ‘सेरसाय’ ही केंद्रीय नोंदवही आहे. तिथे थोडी फी भरून कोणालाही कर्जदाराच्या नावाने शोध घेता येतो. लाखोंचा सौदा करताना हा शोध न घेणं मला समजतच नाही.

चोरीची किंवा बँकेची मशीन विकत घेतली तर काय होतं? १९३० चा माल विक्री कायदा सरळ सांगतो की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे, तेवढाच घेणाऱ्याकडे येतो. पैसे खरे दिले, मन साफ होतं, एवढ्याने मालकी मिळत नाही.

हा १९३० चा कायदा वाचताना मी थक्क होत राहतो. तो लिहिला गेला तेव्हा बाजार होता पोत्यांचा, बैलगाड्यांचा. तरी फोनवरच्या सौद्यासाठीच लिहिल्यासारखी त्याची कलमं आहेत. कलम १५ म्हणतं, वर्णनावरून माल विकला तर माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. ऑनलाइन खरेदी म्हणजे निखळ वर्णनावरची खरेदी! जाहिरातीतली ती ओळ, तो फोटो, व्हॉट्सॲपवर आलेलं ‘इंजिन उघडलेलं नाही भाऊ’ हे उत्तर, हे सगळं वर्णन आहे. मात्र प्रत्येक शब्दाला सारखं वजन नसतं. ‘कंडिशन एक नंबर’ ही विकणाऱ्याची वाखाणणी झाली, तिला धरून ठेवणं अवघड. ‘२०१७ मॉडेल’ आणि ‘४२०० तास’ ही मात्र तपासता येणारी विधानं आहेत. म्हणून फोनवर गोड बोलणं झालं की तेच लेखी मागायचं, आकड्यांत मागायचं आणि सौद्याच्या चिठ्ठीत उतरवायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा डिजिटल नोंदी पुराव्यात आणायची रीत आणि त्यासाठीचं प्रमाणपत्र ठरवून दिलं आहे. तेव्हा ते संभाषण पुसायचं नाही आणि तो फोनही विकायचा नाही.

पुढे कलम ४१. माल आधी पाहिलेला नसेल, तर तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असं मानलं जात नाही. आणि कलम ४३ तर या साडेसात टनांच्या वस्तूसाठी वरदान आहे. नाकारायचा हक्क असताना माल नाकारला, तर तो परत पोहोचवायची जबाबदारी घेणाऱ्यावर नाही. नाकारल्याचं कळवणं पुरेसं. राजकोटपर्यंतचं लो-बेडचं भाडं डोळ्यांसमोर आणलं की या एका वाक्याची किंमत कळते. पण मशीन उतरवून घेतली, दोन महिने कामावर लावली आणि मग तक्रार केली, तर नाकारायचा हक्क संपलेला असतो. फार तर नुकसानभरपाई उरते. पहिल्या दिवशी तपासणं आणि दोष दिसताच लेखी कळवणं यातच सगळं आहे.

लिलावाचं कलम ६४ वेगळं. विकणाऱ्याने भाव चढवायला खोटी बोली लावली असेल, तर घेणारा सौदा रद्द करू शकतो. पण लिलावात बहुधा एक वाक्य छापलेलं असतं, ‘जसे आहे, जिथे आहे.’ भारत सरकारच्या एमएसटीसी या कंपनीच्या ई-लिलावांत, बँकांच्या जप्त मालाच्या विक्रीत ते हमखास सापडतं. मालाच्या प्रतीबद्दल कायद्याने गृहीत धरलेला पुष्कळसा भरवसा हे वाक्य काढून घेऊ शकतं, आणि कलम ६२ त्याला तशी मुभा देतं. उघड फसवणूक मात्र त्याने धुऊन निघत नाही. तिच्यासाठी १८७२ चा करार कायदा आहे. लिलावात पाहणीचे दिवस दिलेले असतात. ते वाया घालवणारा माणूस आपलं संरक्षण स्वतःच्या हाताने सोडून देतो.

आता आपल्या तरुणाला पडणारा खरा प्रश्न. मी ग्राहक आहे का? ग्राहक आयोगाचं दार मला उघडेल का?

या प्रश्नाचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर महाराष्ट्रातल्या एका छोट्या कारखान्याच्या खटल्यातून आलं. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स, एका मालकाचा, लघुउद्योग म्हणून नोंदलेला कारखाना. मे १९९० मध्ये त्याने कोइमतूरच्या पीएसजी इंडस्ट्रिअल इन्स्टिट्यूटकडे एकवीस लाखांच्या सीएनसी टर्निंग मशीनची ऑर्डर दिली. मशीन उशिरा आली, सदोष निघाली अशी तक्रार झाली. राज्य आयोगाने भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती काढून घेतली, कारण खरेदी व्यापारी कारणासाठी होती आणि व्यापारी खरेदीदार ग्राहक नसतो. ४ एप्रिल १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. कारखाना हरला. पण ते निकालपत्र हातावर पोट असलेल्या हजारोंसाठी दार उघडून गेलं. वाळूज आणि चिकलठाण्याच्या गाळ्यांत एकेक मशीन घेऊन बसलेल्या माणसांना ते माहीत असायलाच हवं.

न्यायालयाने उदाहरणं दिली ती आपल्या रोजच्या जगातली. पोटासाठी स्वतः चालवायला रिक्षा घेणारा ग्राहक आहे. स्वतः चालवायला ट्रक घेणारा ग्राहक आहे. लेथ किंवा दुसरी मशीन स्वतः चालवून पोट भरणाराही ग्राहक आहे. मदतीला एक-दोन माणसं ठेवली तरी त्याचं ग्राहकपण जात नाही. पण तीच मशीन घेऊन ती पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती चालवायला दिली, तर ते जातं.

मशीन तीच, पैसे तेवढेच, दोषही तोच. कायदा पाहतो की सीटवर कोण बसतं. लिव्हरवर ज्याचा हात, त्याच्यासाठी आयोगाचं दार. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यातही स्वयंरोजगाराचा हा अपवाद कायम आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीपासून ज्या माणसांनी या हक्कांसाठी आयुष्य घातलं, त्यांच्या कामाचं फळ या एका बारीक स्पष्टीकरणात मला दिसतं.

आपला तरुण स्वतः ऑपरेटर आहे. मशीन तो स्वतः चालवणार. मग नव्या कायद्याने त्याला आणखी एक गोष्ट दिली आहे, आणि ऑनलाइन खरेदीत तिच्याइतकं मोल कशाचंच नाही. तक्रार तो जिथे राहतो किंवा काम करतो तिथेच करता येते. विक्रेता राजकोटचा असला तरी खटला संभाजीनगरच्या जिल्हा आयोगात चालू शकतो. पन्नास लाखांपर्यंतचे व्यवहार जिल्हा आयोगाकडे जातात. सतरा लाखांच्या तक्रारीची फी चारशे रुपये. मुदत दोन वर्षांची.

ज्या संकेतस्थळावर जाहिरात पाहिली त्याचं काय? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याला धंदेवाईक विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवावा लागतो. तक्रार अधिकारी नेमून ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निपटारा करावा लागतो. वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. पण एखाद्याने स्वतःची एकुलती एक मशीन विकायला काढली असेल, तर तो या नियमांत सहसा येत नाही. तिथे १९३० चा कायदा आणि दिवाणी न्यायालय. म्हणून विकणारा डीलर आहे की मालक, हे पहिल्याच फोनवर विचारायचं.

आणि मशीनच अस्तित्वात नसेल तर? दुसऱ्याच्या जाहिरातीतला फोटो, पडलेला भाव, ‘आणखी दोन गिऱ्हाइकं आहेत, आजच टोकन टाका’ अशी घाई. इथे कोणतंही कलम उपयोगी येण्याआधी पैसा दहा खात्यांतून निघून जातो. टोकन जाईल ते आरसीवरच्या किंवा बिलावरच्या नावाच्याच खात्यात, आणि तेही मशीन डोळ्यांनी पाहिल्यावर. तरीही फसवणूक झालीच तर त्याच तासाला सायबर मदतक्रमांकावर फोन करायचा, म्हणजे पैसे वाटेत गोठवता येण्याची शक्यता राहते. तो क्रमांक आहे १९३०. माल विक्री कायद्याचं सालही १९३०. निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपा.

तर आपला तरुण रात्रीच्या गाडीने राजकोटला गेला आहे, सोबत ओळखीचा मेस्त्री आहे. क्रमांक जुळवून झाले. इंजिन थंड असतानाच, स्वतःच्या हाताने सुरू केलं आणि धूर पाहिला. तेलाचा नमुना बाटलीत घेतला. आता शेवटची परीक्षा. मशीन गरम झाल्यावर तो पुढची बकेट भरून छातीएवढी उचलतो, इंजिन बंद करतो आणि लांब येऊन उभा राहतो. उचललेल्या बकेटखाली कोणीही जायचं नाही, हे तो मालकाच्या पोरालाही बजावतो. साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी पास्कलने सांगितलं, कोंडलेल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो. आत्ता ती भरलेली बकेट त्याच नियमावर, सिलिंडरात कोंडलेल्या तेलाच्या आधाराने हवेत आहे. सील धड असतील तर ती तिथेच राहील. आतून तेल सरकत असेल तर हळूहळू खाली येईल, डोळ्यांना कळणारही नाही इतकी हळू. म्हणून त्याने सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर खडूने रेघ मारली आहे, शेजारी टेप धरून फोटो काढला आहे आणि फोनचा व्हिडिओ चालू ठेवला आहे. मालक खुर्ची आणायला सांगतो, चहा मागवतो. तरुण बसत नाही. दहा मिनिटं तो त्या रेघेकडे बघत उभा आहे.